उशापासून आखलेली झोपायची खोली

झोपायच्या खोलीचं काम बहुतेक घरांत कपाटापासून सुरू होतं. सुतार येतो, सगळ्यांत मोठी भिंत मोजतो, तिच्यावर सात फुटी कपाट धरतो आणि उरलेल्या जागेत पलंग ढकलला जातो. स्विचबोर्ड तर त्याच्याही आधी बिल्डरने ठोकलेले असतात. वास्तुविद्येचा क्रम याच्या उलटा आहे. आधी दिशा, मग उसं, मग वाऱ्या-उजेडाच्या वाटा, मग जड सामान आणि शेवटी दिवे-वीज. एवढा क्रम पाळला तरी दहा बाय बाराच्या खोलीत एकही भिंत न फोडता पुष्कळ साधतं.

या शास्त्रातले सगळे नियम सारख्या वजनाचे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ऊन, वारा, ओल आणि शरीर यांच्याशी ज्यांचा थेट संबंध आहे ते हट्टाने पाळावेत. निव्वळ रूढीने आलेले नियम पैसा आणि जागा न घालवता पाळता येत असतील तर जरूर पाळावेत, त्यात घरातल्या मोठ्यांचं समाधान असतं आणि तेही मोलाचं आहे. पण जो नियम भिंत फोडायला किंवा एखादी वस्तू विकत घ्यायला लावतो, तो पाळण्याआधी चार वेळा विचार करावा.

दिशा नीट काढा

इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. इमारतीच्या जाहिरातीत 'पूर्वाभिमुख' लिहिलं म्हणून भिंत पूर्वेलाच असेल असं नाही. प्लॉट रस्त्याच्या कलाने बसतात, सूर्याच्या नाही. मोबाइलचं होकायंत्र वापरत असाल तर चुंबकाचं कव्हर काढून टाका, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून होकायंत्र जुळवून घ्या आणि खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर धरून वाचा. कॉलममधल्या सळ्या, लोखंडी कपाट, खिडकीचं ग्रिल यांच्याजवळ सुई भरकटते. तीन जागी वाचून बघा. तिन्ही आकडे पाच अंशांच्या आत जुळले नाहीत तर त्या खोलीत होकायंत्रावर भिस्त ठेवू नका. मोबाइलच्या नकाशात उत्तर वर ठेवून उपग्रहाचं चित्र उघडा आणि इमारतीच्या कडा किती कलल्या आहेत ते पाहा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती करायची गरज पडत नाही.

याहून खात्रीची रीत शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची. ती गच्चीवर अर्ध्या तासाच्या कामात बसते, फक्त सकाळ-दुपार दोनदा वर जावं लागतं. १२ अंगुळांची, म्हणजे साधारण ९ इंचांची सरळ काठी सपाट फरशीवर ओळंब्यात उभी करा. फरशी सपाट आहे की नाही ते लेव्हल ट्यूबने तपासा. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतोच, म्हणून खाली प्लायचा तुकडा पाचरी लावून सपाट करून घ्या. काठीच्या बुडाशी दोरी धरून १८ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावली वर्तुळाबाहेर असते आणि आखूड होत आत येते; तिचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे, पश्चिमेकडे, खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि पूर्वेकडून वर्तुळाबाहेर पडते; तिथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. दोन्ही खुणांवरून सारख्या मापाचे कंस मारून ते जिथे छेदतात ती ठिकाणं जोडली की उत्तर-दक्षिण मिळते. दिवसभरात सूर्य किंचित उत्तर-दक्षिण सरकतो, त्याची चूक या रेघेत येते. जुन्या ग्रंथकारांनी तिचीही दुरुस्ती दिली आहे, पण खोलीपुरती ती सोडून दिली तरी चालते. आता गच्चीच्या कठड्याशी या रेघेचा कोन मोजा. खालच्या खोलीच्या भिंतींचा कोन बहुधा तोच असतो.

आठ दिशा धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २२.५ अंश. भिंत नेमक्या दक्षिणेपासून १५ अंश कलली असेल तरी ती दक्षिणेचीच भिंत. तेवढ्यासाठी पलंग तिरका लावू नका. तिरक्या पलंगामागे त्रिकोणी खाच राहते, तिथे धूळ साठते आणि खोलीची चालायची जागा मोडते.

उसं कुठे करायचं

आपल्याकडे चालत आलेला नियम असा: स्वतःच्या घरी पूर्वेला डोकं, सासुरवाडीत दक्षिणेला, प्रवासात पश्चिमेला आणि उत्तरेला कधीच नाही. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, हे घरोघर सांगितलं जातं ते याच नियमाचं दुसरं टोक. कारण म्हणून रक्तातलं लोह पृथ्वीच्या चुंबकत्वाने डोक्याकडे ओढलं जातं असं सर्रास सांगतात. ते बरोबर नाही. रक्तातलं लोह लोखंडाच्या किसासारखं चुंबकाकडे धावत नाही. नियम पाळायला असल्या आधाराची गरजही नाही, कारण सूर्याचा आधार पुरेसा भक्कम आहे.

तो कसा ते पाहा. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मे ते जुलै या काळात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, काही आठवडे तर किंचित उत्तरेला. म्हणून भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारच थोडं लागतं. तिला खरं ऊन मिळतं ते डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा मुंबईच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. याचा अर्थ दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात बरी आणि थंडीत उबदार. उसं तिला लावणं फायद्याचंच. पश्चिमेची भिंत मात्र दुपारभर तिरपं ऊन खाते आणि ९ इंची विटेची असेल तर ती उष्णता नेमकी रात्री आत सोडते. पश्चिमेला डोकं प्रवासापुरतंच, हा नियम मला या भिंतीमुळे पटतो. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि रात्रीपर्यंत निवून जाते.

आता दक्षिण की पूर्व? पूर्वेला बहुधा खिडकी असते आणि खिडकीखाली उसं नको. पहाटेचा वारा थेट डोक्यावर येतो, पावसाळ्यात झड आत येते, पडदा उशीवर लोळतो. भरीव भिंत दक्षिणेला असेल तर दक्षिण घ्या. पूर्वेची भिंत भरीव आणि खिडकी उत्तरेला, असं असेल तर पूर्व उत्तम. दोन्हीकडे दारं-खिडक्या असतील आणि उरलेली एकच भिंत उत्तरेची असेल, तर पलंगाचा पायथा उत्तरेच्या भिंतीला टेकवा आणि दक्षिणेच्या टोकाला साडेतीन फूट उंचीची प्लायची पाठ उभी करा. ही युक्ती दार उशामागे येत नसेल तरच करायची. पाठीमागे दार असलं की झोपणाऱ्याला सारखी चाहूल लागत राहते. अशा वेळी मी पश्चिमेचं उसं पत्करेन आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने उन्हाचा बंदोबस्त करेन.

भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघा. न्हाणीघराची सामायिक भिंत उशाला नको. तिच्यात नळ असतात, रात्री फ्लशचा आवाज येतो आणि कधी ना कधी ओल उतरते. लिफ्टच्या भिंतीचंही तेच.

तुळईखाली झोपू नये हा नियम लाकडी माळवदाच्या काळातला आहे. तेव्हा तुळयांच्या सांध्यांतून माती, भुसा, किडे खाली पडत. काँक्रीटच्या बीममधून काही पडत नाही, पण डोक्यावर दीड फूट खाली आलेली कड डोळ्यांना जड वाटतेच. पलंग फूटभर सरकवून जमत असेल तर सरकवा. जमत नसेल तर बीमच्या खालच्या पातळीला फॉल्स सीलिंग करावं, पण तेही पंख्याचं पातं जमिनीपासून निदान ८ फूट राहत असेल तरच. बीमला हात लावायचा नाही. वायर लपवायला छिन्नीने बीम खरवडणारे वायरमन असतात; त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

दहा बाय बाराचा हिशेब

पूर्व-पश्चिम १० फूट, दक्षिणोत्तर १२ फूट अशी खोली घेऊ. दार उत्तरेच्या भिंतीत पूर्वेच्या टोकाला, खिडकी पूर्वेला. पाच फुटी, म्हणजे ६० बाय ७८ इंचांची गादी दक्षिणेच्या भिंतीला मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ३०-३० इंच राहतात. पाठीसकट पलंग ८१ इंचांचा धरला तर पायथ्यापुढे ६३ इंच उरतात. सहा फुटी गादी घातली तर बाजूंना २४ इंचच मिळतात. चादर खोचायला आणि उठून उभं राहायला २४ ही शेवटची मर्यादा आहे, त्याखाली जाऊ नका. कपाट मग पश्चिमेच्या भिंतीवर पायथ्यापुढे, ५ फूट लांब आणि २ फूट खोल. नैर्ऋत्येला जड सामान हा नियम इथे थोडा मोडतो, कपाट वायव्येला जातं. चालेल.

खोली एकट्याची असेल तर याहून चांगली मांडणी होते. ४८ इंच रुंदीची गादी घ्या. नैर्ऋत्य कोपऱ्यात पश्चिमेच्या भिंतीला कपाट, २४ इंच खोल. मग ३० इंच मोकळी जागा, मग ४८ इंचांचा पलंग आणि पूर्वेला १८ इंच, म्हणजे उशाशी छोटं टेबल. बेरीज बरोबर १२० इंच. कपाटाच्या झडपा १५ इंचांहून रुंद करू नका. पाच फुटी कपाटाला चार झडपा. १८-२० इंची झडपा केल्या तर उघडून मागे उभं राहायला जागा उरत नाही. सरकत्या झडपांचा मोह होईल, पण त्यांच्या रुळांमुळे कपाट २६-२७ इंच खोल होतं आणि एका वेळी निम्मंच उघडतं. या मांडणीत खोलीचा सगळा उत्तर भाग मोकळा मिळतो. ईशान्य कोपऱ्यात दार आहे, म्हणून लिहायचं टेबल त्याच्या दक्षिणेला पूर्वेच्या भिंतीला लावता येतं. पूर्वेकडे तोंड करून बसलं की डावा हात उत्तरेला येतो. उत्तरेला खिडकी असेल तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून मऊ उजेड मिळतो आणि कागदावर हाताची सावली पडत नाही.

हे सगळं आधी फरशीवर खडूने खऱ्या मापात आखा, कपाटाच्या झडपांचे कंससुद्धा. आठवडाभर गादी जमिनीवर त्याच जागी टाकून झोपा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कुठे पडतो, शेजारच्या एसीचा आवाज कुठून येतो, रात्री उठल्यावर पाय कुठे अडखळतो, हे कागदावर कळत नाही.

मंडलाबद्दलही इथेच सांगतो. वास्तूची जागा ८१ पदांत, म्हणजे चौकटींत विभागणाऱ्या वास्तुपुरुषमंडलात मधली ९ पदं ब्रह्मस्थानाची. ती रचना सबंध वास्तूसाठी आहे, एका खोलीला ती जशीच्या तशी लावली की तिढा पडतो. आपल्या खोलीत ब्रह्मस्थान साधारण ४० बाय ४८ इंचांचं येईल आणि पलंगाचा पायथा त्यात शिरणारच. यातून घ्यायची गोष्ट एवढीच की मधल्या जागेत कायमचं, न हलणारं काही बांधू नये. तिथे झुंबर नको, ट्रंक नको.

'मास्टर बेडरूम नैर्ऋत्येलाच हवी' हे वाक्य आज ब्रह्मवाक्य झालं आहे. पण घरातल्या दालनांची जी जुनी वाटणी सांगितली जाते तीत शयनगृह दक्षिणेला आहे आणि नैर्ऋत्येला शस्त्रागार. तेव्हा तुमची खोली दक्षिणेच्या पट्ट्यात कुठेही असली तरी निश्चिंत राहा.

वारा

राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचं माप हवामानावर ठरतं: कोरड्या उष्ण भागात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एकदशांश, दमट उष्ण भागात एकषष्ठांश. १२० चौरस फुटांच्या खोलीला कोरड्या भागात १२ चौरस फूट, तर कोकणपट्टीत २० चौरस फूट. आता चार बाय चारची सरकती खिडकी बघा. काच १६ चौरस फुटांची, पण उघडते निम्मी, म्हणजे वाऱ्याला वाट ८ चौरस फुटांचीच. खोली कोंदट वाटते त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. खिडकी बदलायची संधी मिळाली तर बिजागरीच्या, पूर्ण उघडणाऱ्या झडपा घ्या. उंच मजल्यावर त्यांना वाऱ्याचा अडसर लागतो, त्याशिवाय झडप आपटून काच जाते.

एकच खिडकी असेल तर हवा आत येते पण जात नाही. जुन्या वाड्यांत दारावर झरोका असे तो यासाठीच. दाराच्या चौकटीवर ३० बाय १२ इंचांचा झरोका काढता येतो, पण आधी तिथे लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी, आहे का ते बघा. बहुधा असतं, आणि असेल तर तो नाद सोडा. मग दाराखाली पाऊण इंच फट ठेवणं किंवा दाराच्याच वरच्या भागात लाकडी पट्ट्यांची जाळी बसवणं एवढं उरतं. जाळीने आवाजही आत येतो, त्याची तयारी ठेवा.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून उष्णता थांबत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं. अडवायचं ते बाहेरच: बांबूची चिक, लाकडी पट्ट्यांची झडप. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटी छज्जा पुरतो, कारण तिथे सूर्य वरून येतो. पश्चिमेला तो समोरून येतो, छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. वाळ्याचे पडदे नागपूर-अकोल्याकडे कोरड्या हवेत सुंदर काम करतात. मुंबईत ते नुसते ओले राहतात आणि त्यांना बुरशी येते.

जड सामान आणि ओल

दक्षिण-पश्चिमेला जड वस्तू ठेवाव्यात यात तथ्य आहे: भरलेलं कपाट पश्चिमेच्या भिंतीची उष्णता खोलीत येऊ देत नाही. पण आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने होतो आणि कपाटामागची ओल वर्षभर कुणाला दिसत नाही. कपडे वास मारायला लागले की मग शोध सुरू होतो. म्हणून कपाट लावण्याआधी पावसाळ्यात भिंतीवर फूटभर चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर धरतो आहे. पहिल्या बाबतीत बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय तिथे कपाट लावायचं नाही; आतून पुट्टी आणि रंग म्हणजे सहा महिन्यांची मलमपट्टी. दुसऱ्या बाबतीत हवा खेळती केली की भागतं. दोन्हीकडे कपाट भिंतीपासून २ इंच पुढे, ४ इंचांच्या पायावर आणि पायात जाळी, म्हणजे खालून आलेली हवा मागून वर जाते. प्लाय आयएस ७१० चा घ्या. छापील शिक्का प्रत्येक शीटवर बघा, बिलावर नुसतं 'मरीन' लिहिलेलं पुरेसं नाही.

पलंगाखाली अडगळ नको, हाही असाच सरळ कारण असलेला नियम आहे. गादीतला घाम खालच्या बाजूने बाहेर पडतो. खाली बंद पेटी आणि तीत कोंबलेल्या गोधड्या, म्हणजे दमटपणा तिथेच राहतो. पेटी हवीच असेल तर वरच्या १२ मिलिमीटरच्या फळीला दर ९-१० इंचांवर इंचभराची भोकं पाडून घ्या आणि पेटीत स्वच्छ अंथरूण-पांघरूण एवढंच ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे पट्ट्यांचा पलंग: ३ इंच रुंद पट्ट्या, मध्ये दोन-अडीच इंचांची फट, आणि पाच फुटांहून रुंद पलंगाला मध्ये एक आडवी तुळई व तिच्याखाली स्वतंत्र पाय. हा मधला पाय वाचवला की वर्षभरात पट्ट्या झुकतात आणि पलंग करकरतो. पाय आणि चौकट जोडायला स्क्रूऐवजी वायसरसकट नट-बोल्ट वापरा. स्क्रूची भोकं सैल होतात, बोल्ट पुन्हा आवळता येतो.

लाकूड निवडायचं असेल तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने शय्येसाठी दिलेली यादी आजही कामाची आहे: साग, शिसव, देवदार, शिवण त्यात आहेतच. वीज पडून किंवा वादळात कोसळलेल्या झाडाचं लाकूड घेऊ नये असंही तो बजावतो. कोसळताना खोडाला आतून ज्या चिरा पडतात त्या रंधा मारल्यावरही दिसत नाहीत आणि भार आला की उघडतात. पलंगाचा पाय उलटा, म्हणजे शेंड्याकडचं टोक खाली करून लावू नये, ही त्याची आणखी एक सूचना. जुने सुतार अजून ती पाळतात. नव्या सुताराला चारही पाय एकाच दिशेने लाव एवढं सांगितलं तरी तो समजतो.

माप जुळवणं

आय, म्हणजे माप शुभ की अशुभ ते सांगणारी बाकी, काढायची रीत अनेकांना गूढ वाटते, पण गणित सोपं आहे. १५व्या शतकात मेवाडात राणा कुंभाच्या पदरी असलेल्या सूत्रधार मंडनाच्या परंपरेत लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्याला आठाने भागतात. बाकी १ ध्वज, २ धूम्र, ३ सिंह, ४ श्वान, ५ वृष, ६ खर, ७ गज आणि शून्य उरलं तर ध्वांक्ष. विषम आय शुभ. २४ अंगुळांचा हात १८ इंचांचा धरला तर अंगुळ पाऊण इंचाचं. आपली खोली १६० बाय १९२ अंगुळं. गुणाकार ३०,७२०, बाकी शून्य, म्हणजे ध्वांक्ष. दोन्ही बाजू एकेका अंगुळाने वाढवल्या, १६१ बाय १९३, की गुणाकार ३१,०७३, बाकी १, ध्वज. विषम गुणाकार हवा तर दोन्ही बाजू विषम हव्यात, एवढंच त्यातलं मर्म. नवं बांधकाम असेल तर प्लास्टरच्या आतलं माप तसं धरून घ्या, खर्च शून्य. तयार फ्लॅटमध्ये प्लास्टरची जाडीच जागोजाग पाव-अर्धा इंच कमीजास्त असते, तिथे या हिशेबापायी भिंत हलवणं शहाणपणाचं नाही.

तेच न्हाणीघराबद्दल. जोडलेलं न्हाणीघर 'चुकीच्या' दिशेला आहे म्हणून ते हलवलं तर खालच्या घराच्या झोपायच्या खोलीवर पाणी येतं, भांडण येतं आणि गळती येते. दार आपोआप लागेल असा क्लोजर, दाराशी पाऊण इंचाची चढ, ६ इंची एक्झॉस्ट पंखा: दोष म्हणून जे काही सांगितलं जातं, वास, ओल, आवाज, ते एवढ्याने आटोक्यात येतं. तांब्याचे पिरॅमिड, स्फटिकाचे गोळे यांचा जुन्या वास्तुग्रंथांशी काही संबंध नाही. ते पैसे चांगल्या गादीवर खर्च करा.

रंग, आरसा, वीज

रंगाबद्दल परंपरांमध्ये एकवाक्यता नाही, म्हणून उजेडावरून ठरवा. उत्तरेच्या थंड उजेडाला पिवडीची छटा, पश्चिमेच्या भडक उजेडाला मातकट, चकाकी नसलेला रंग. उघडं सिमेंट किंवा चुन्याचं प्लास्टर मिळालं तर चुना लावून बघा. त्याच्यासारखी शांत भिंत दुसऱ्या कशाने होत नाही. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण ५ लिटर पाणी, २४ तास भिजत, मग कापडाने गाळून थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो, डोळ्यांना चष्मा आणि लोखंडी पातेलं हवंच. भिंत ओली करून दुधासारखे पातळ तीन हात द्या. जाड हात दिला की कपड्यांना लागतो. पीओपी किंवा प्लास्टिक इमल्शनवर चुना धरत नाही, पोपडे येतात.

आरसा पलंगासमोर नको. रात्री कुठूनही आलेला उजेड तो थेट डोळ्यांवर टाकतो. कपाटाच्या झडपेला आतून लावला की प्रश्न मिटतो.

आग्नेय कोपरा अग्नीचा. मुख्य बोर्ड, चार्जर तिकडे ठेवता आले तर ठेवा. एसी उशावर कधीच नको, पाण्याची नळी तुंबली की आधी उशी भिजते. लांब भिंतीवर असा लावा की हवा पायथ्यावरून जाईल. दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि रात्रीचा दिवा जमिनीपासून फूटभर उंचीवर, पलंग ते न्हाणीघर या वाटेत. दाराशी आणि उशाशी दोन्हीकडून चालू-बंद होणारा स्विच हवा, त्याची तार प्लास्टरच्या आधीच टाकावी लागते. उशाशी असलेल्या बोर्डची उंची जमिनीपासून मोजून सांगितली की तो पलंगाच्या पाठीमागे दडतो. १२ इंचांचा पलंग आणि ८ इंचांची गादी म्हणजे झोपायची पातळी २० इंच. बोर्ड तिच्या वर ६ ते ८ इंच, आणि पलंगाच्या कडेपासून ४ इंच बाहेर. सुतार आणि वायरमन यांना एकाच दिवशी बोलवा, म्हणजे ही खूण दोघेही एकाच भिंतीवर, एकाच वेळी बघतील.